जुन्या प्रोग्रॅमखालचं इंजिन कोणाचं?

प्रश्न : देवगड तालुक्यातल्या आमच्या आंबा बागायतदार संस्थेचा पेट्यांचा आणि पट्ट्यांचा (दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचा) हिशोब २००१ साली करून घेतलेल्या एका प्रोग्रॅमवर चालतो. तो जावामध्ये आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. विंडोज एक्सपीचा जुना संगणक आता धापा टाकतोय, म्हणून विंडोज ११ चा नवा घेतला. त्यावर प्रोग्रॅम उघडतच नाही. एक जण म्हणतो, मायक्रोसॉफ्टने जावाचा सपोर्ट कधीच बंद केलाय. दुसरा म्हणाला, ओरॅकलचा जावा टाका, चालेल. टाकला, तरी चालत नाही. प्रोग्रॅम लिहून देणारे गृहस्थ आता संपर्कात नाहीत. हंगाम तोंडावर आला आहे. काय करावं?

उत्तर : सचिव साहेब, पुढचं सगळं वाचण्याआधी एक करा. जुना संगणक आहे तसा राहू द्या. कुणी फॉरमॅट मारायला किंवा 'जरा साफ करून देतो' म्हणत आलं, तर हात लावू देऊ नका. इतक्या वर्षांचा सभासदांचा हिशोब त्या एका डिस्कवर आहे. प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येतो, तो हिशोब पुन्हा लिहिता येत नाही.

तुम्हाला भेटलेले दोघंही अर्धं खरं बोलले. मी १९९८ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात संस्था, पतपेढ्या, काजू कारखाने यांचे संगणक आणि हिशोबाचे प्रोग्रॅम सांभाळतोय. हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे बऱ्याचदा आलेला आहे, म्हणून जरा मुळापासून सांगतो. मूळ कळलं की तुमचे पैसे नको तिथे जाणार नाहीत.

जावाचा प्रोग्रॅम थेट विंडोजवर चालत नाही. मधे एक इंजिन लागतं, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा आणला तो याच कल्पनेवर : प्रोग्रॅम एकदा लिहा, मग खाली विंडोज असो, मॅक असो की युनिक्स, त्या त्या संगणकावरचं इंजिन तो चालवेल. मिरकरवाडा बंदरात होड्यांची कामं बघितली असतील तर हे लगेच ध्यानात येईल. बैठक ठरलेल्या मापात असली की आज या कंपनीचं इंजिन बसतं, उद्या त्या कंपनीचं. पण एकाच कंपनीच्या खास मापाने बैठक केली आणि त्या कंपनीने ते इंजिन काढायचं थांबवलं, की होडी वर ओढून ठेवायची पाळी येते. तुमच्या प्रोग्रॅमचं बहुधा हेच झालंय.

मार्च १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सनकडून परवाना घेऊन स्वतःचं जावा इंजिन बनवलं. इंटरनेट एक्सप्लोररबरोबर ते घरोघरी पोचलं. इंजिन चांगलं होतं. ३२ एमबी रॅमच्या संगणकावर ते सनच्या इंजिनापेक्षा चटपटीत चालताना मी पाहिलंय. पण सनने आखून दिलेल्या मापातले दोन भाग, आरएमआय (दुसऱ्या संगणकावरच्या जावा प्रोग्रॅमशी बोलण्याची सोय) आणि जेएनआय (जावाबाहेरच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमशी बोलण्याची सोय), त्यात मापाप्रमाणे नव्हते. उलट मायक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने जादा गोष्टी घातल्या. जावाचे प्रोग्रॅम लिहायचं मायक्रोसॉफ्टचं साधन म्हणजे व्हिज्युअल जे प्लस प्लस. त्याच्या १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत खिडक्या, बटणं, तक्ते काढायला डब्ल्यूएफसी नावाचा संच होता आणि विंडोजची आतली कामं थेट करून घ्यायला जे-डायरेक्ट होतं. या गोष्टी वापरल्या की प्रोग्रॅम दिसायला जावाचा, पण चालायचा फक्त विंडोजवर, तोही मायक्रोसॉफ्टच्याच इंजिनावर.

यामागे धंद्याचं कारण होतं. प्रोग्रॅम कुठल्याही संगणकावर चालू लागले, तर माणूस विंडोजच का घेईल? अमेरिकन सरकारच्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायमूर्ती थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जी वस्तुस्थिती नोंदवली, तिच्यात नेटस्केप हा ब्राउझर आणि जावा हे विंडोजच्या मक्तेदारीला असलेले धोके म्हणून सविस्तर आलेत. सन स्वतः त्याच्या आधीच, ऑक्टोबर १९९७ मध्ये, परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कोर्टात गेली होती.

आता तुमच्या कामाची तारीख. जानेवारी २००१ मध्ये त्या पहिल्या खटल्यात तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने सनला २ कोटी डॉलर दिले आणि मायक्रोसॉफ्टला जुनं इंजिन आणखी सात वर्षं पुरवायची मुभा मिळाली, मात्र जावाच्या १.१ च्या टप्प्यावर जसं होतं तसंच. पुढचा जावा त्यात येणार नव्हता. म्हणजे इंजिन त्याच महिन्यात गोठलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात एक्सपी आलं, तेही हे इंजिन सोबत न घेता. लागलं तर वेगळं उतरवून घ्यायचं. आणि तुमचा प्रोग्रॅम लिहिला गेला तो नेमका २००१ मध्ये. लिहिणाऱ्याला दोष द्यायला मी तयार नाही. बातम्या आपल्याकडे उशिरा पोचायच्या, आणि हाताशी जे साधन होतं त्यात त्याने काम केलं. तुमची संस्था त्यावर वीसहून जास्त हंगाम चालली.

पुढचं थोडक्यात. २००२ मध्ये सनने मक्तेदारीचा वेगळा दावा लावला. डिसेंबरात न्यायमूर्ती मॉट्झ यांनी, विंडोजबरोबर सनचाच जावा द्यावा, असा आदेश काढण्याच्या बाजूने निर्णय दिला, तो जून २००३ मध्ये अपिलात रद्द झाला. शेवटी २ एप्रिल २००४ ला दोघांनी समेट केला. त्यात मायक्रोसॉफ्टने सनला १६० कोटी डॉलर दिले, रॉयल्टीचे वेगळे. मायक्रोसॉफ्टच्या जावा इंजिनाच्या सपोर्टची तारीख आधी जानेवारी २००४ होती, मग सप्टेंबर २००४ झाली, आणि या समेटात ती ३१ डिसेंबर २००७ वर जाऊन थांबली.

सपोर्ट संपणं म्हणजे काय, इथे बहुतेक लोक फसतात. १ जानेवारी २००८ च्या सकाळी तुमच्या कार्यालयात काहीही बंद पडलं नाही. पावत्या निघाल्या, बेरजा जुळल्या. संपली ती दुरुस्ती. एप्रिल २००३ मध्ये याच इंजिनात एक मोठं भगदाड सापडलं होतं : नुसतं एखादं वेब पान उघडलं तरी परक्या माणसाला संगणक ताब्यात घेता आला असता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठिगळ पाठवलं. २००८ नंतर सापडलेल्या कुठल्याही भगदाडाला ठिगळ आलेलं नाही आणि येणार नाही. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये हे इंजिन नाहीच. म्हणून नव्या संगणकावर तुमचा प्रोग्रॅम उघडत नाही.

जावा मात्र कुठेही गेलेला नाही. २००६ मध्ये सनने तो खुला (मूळ लिखाण कुणालाही बघता-वापरता येईल असा) करायला सुरुवात केली, २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली, आणि २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट स्वतः ओपनजेडीके या खुल्या जावाची आपली आवृत्ती फुकट देतेय. तेव्हा 'मायक्रोसॉफ्टने जावा बंद केला' या वाक्यावर विश्वास ठेवून कुणी तुम्हाला भलतंच काही विकत असेल, तर थांबा.

ॲपलनेही असंच केलं होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की मॅकवरचा जावा यापुढे आम्ही सांभाळणार नाही, आणि पुढच्या वर्षीचं लायन हे मॅकचं विंडोजसारखं सॉफ्टवेअर जावाशिवाय आलं. पण ॲपलने आपलं काम खुल्या जावाच्या प्रकल्पाला देऊन टाकलं आणि पुढे ओरॅकलने मॅकसाठी जावा काढला. जे मापात लिहिलं होतं ते नव्या इंजिनावर चाललं. याउलट २००१ सालीच कुणी तुम्हाला व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये प्रोग्रॅम करून दिला असता, तर तो आज विंडोज ११ वरही उघडायची चांगली शक्यता होती, कारण त्याला लागणारे मूळ भाग मायक्रोसॉफ्ट अजून विंडोजबरोबर देते. आपल्या घरचं साधन कंपनी सांभाळते, परक्याकडून परवान्यावर घेतलेलं सोडून देते, हा भेद इथेही आहे. पुढचा निर्णय घेताना तो डोळ्यांसमोर ठेवा.

आता तुमचा प्रोग्रॅम नेमका कशावर बसलाय ते बघू. जुन्या संगणकावर प्रोग्रॅमच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबून त्याची माहिती (प्रॉपर्टीज) उघडा. लक्ष्याच्या (टार्गेट) ओळीत जेव्ह्यू (jview) किंवा डब्ल्यूजेव्ह्यू (wjview) दिसलं, तर तो मायक्रोसॉफ्टच्या इंजिनावर चालतो. नुसतं जावा किंवा जावाडब्ल्यू दिसलं, तर सनच्या. सरळ ईएक्सई फाइल असली तरी हरकत नाही. तिची प्रत काढा, ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि त्या सगळ्या कचऱ्यात इंग्रजी लहान अक्षरांत 'कॉम/एमएस/डब्ल्यूएफसी' (com/ms/wfc) असं काही सापडतंय का ते शोधा. प्रोग्रॅमच्या फोल्डरमधल्या क्लास फाइलींमध्येही (जावाचा तयार प्रोग्रॅम ज्यांत असतो त्या) शोधा. सापडलं, तर निकाल लागला.

सापडलं नाही, तर तुम्ही सुदैवी आहात. १९९७ साली तयार केलेली क्लास फाइल आजचं जावा इंजिन अजून वाचतं. मग अडचण बहुधा एकच उरते. त्या काळात जावामधून ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रॅमची माहिती वाचायला जेडीबीसी-ओडीबीसी नावाचा पूल वापरत, तो २०१४ च्या जावा ८ मधून काढून टाकला गेला. त्याच्या जागी यूकॅनॲक्सेस नावाचा फुकट ड्रायव्हर बसवता येतो. जाणकार मुलाला दोनतीन दिवसांचं काम. इंजिन टाकताना टेमुरिन हे खुलं घ्या. ओरॅकलने २०१९ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या, धंद्याच्या वापरासाठी कुठे पैसे लागतात आणि कुठे नाही याचा गुंता संस्थेने गळ्यात घेऊ नये.

पण माझा अंदाज असा की तुमच्याकडे डब्ल्यूएफसीच निघेल, कारण ओरॅकलच्या जावावर तो उघडलाच नाही. मी १९९९ मध्ये एका काजू कारखान्यासाठी असाच प्रोग्रॅम केला होता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ग्रेडप्रमाणे पावती झटपट निघावी म्हणून मी जे-डायरेक्टने विंडोजला थेट हाक मारली. छपाई सुरेख झाली, कारखानदार खूश झाला. २००४ मध्ये तोच भाग मला पहिल्यापासून लिहावा लागला. तेव्हापासून एखादी सोय एकाच कंपनीकडे असेल, तर ती प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवतो, उद्या काढायची झाली तर बाकीचं घर हलू नये म्हणून.

डब्ल्यूएफसी निघालं तर प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागेल. पण या हंगामात नाही. हंगामात नवा प्रोग्रॅम सुरू करणं म्हणजे भर पावसात कौलं उतरवण्यासारखं. या वर्षी जुनाच चालवायचा, फक्त सुरक्षित जागी.

त्यासाठी आधी डिस्क. जुना संगणक बंद करून त्याची डिस्क काढून घ्या, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला लावा आणि तिची जशीच्या तशी प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली फाइल) काढा. दोन प्रती करा, एक कार्यालयात आणि एक दुसऱ्या गावात. डिस्क आवाज करत असेल तर ती पुन्हापुन्हा चालू-बंद करू नका, पहिल्याच वेळी प्रतिमा घ्या. आपल्याकडचा खारा वारा काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या कार्यालयातला संगणक उघडला की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट पूड बसलेली असते, खोडरबराने हळूच घासली की यंत्र पुन्हा जागं होतं. तुमचा संगणक मधेच बंद पडत असेल तर कदाचित एवढंच असेल. पण प्रतिमा हातात येईपर्यंत तेही करू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत भरलं, त्यानंतर चिखलातून काढलेल्या कितीतरी डिस्का माझ्या टेबलावर आल्या. ज्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावात होती, त्यांचं काम आठवड्यात सुरू झालं. बाकीच्यांना रद्दीतल्या पावत्यांवरून खाती उभी करावी लागली. त्या माणसांचे चेहरे मला अजून आठवतात.

ती प्रतिमा नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये चालवता येते. विंडोज ११ च्या पोटात तुमचं जुनं एक्सपी, त्यात जुनं इंजिन, त्यात तुमचा प्रोग्रॅम. तिथे दोन गोष्टी जातीने बघा. एक, त्या आतल्या एक्सपीचं नेटवर्क पूर्ण बंद असलं पाहिजे. त्यातून मेल नाही, इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही. वर सांगितलेली भगदाडं तिथे उघडीच आहेत. दोन, प्रिंटर. तुमचा प्रोग्रॅम बहुधा थेट एलपीटी-१ या प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर छापतो, आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. बाजारातली यूएसबी ते पॅरलल केबल विंडोजला एलपीटी-१ म्हणून दिसत नाही, त्यामुळे दुकानदार काहीही म्हणो, नुसती केबल घेऊन भागणार नाही. प्रिंटर नेटवर्कवर सामायिक करून एलपीटी-१ हे नाव त्याला जोडून द्यावं लागतं, आणि नेटवर्क बंद असल्यामुळे तेही फक्त त्या दोन विंडोजच्या मधल्या, बाहेर कुठेही न जाणाऱ्या जोडणीवर. हे तुमच्या समोर करून घ्या आणि एक पावती छापून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या एक्सपीचा परवाना त्या जुन्या यंत्राशी बांधलेला असू शकतो, तेही आधी विचारा.

हंगाम संपला की खरं काम : माहिती बाहेर काढणं. ती ॲक्सेसच्या एमडीबी फाइलीत असेल. २००१ चं काम म्हणजे फाइल ॲक्सेस ९७ च्या साच्यातली असू शकते, आणि २०१३ पासूनचा ॲक्सेस तो साचा उघडत नाही. त्यामुळे जुन्या एक्सपीच्या आतच एकेक तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत काढा. सभासद, बागा, पेट्यांची आवक, हुंडेकऱ्याचं (वाहतूकदाराचं) भाडं, वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्या, उचल, सगळं. दर तक्त्याच्या ओळी मोजा आणि दर वर्षाची एकूण रक्कम छापील ताळेबंदाशी लावा.

मग नावांची पाळी. तेव्हा आपल्याकडे मराठीसाठी युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी एकच पद्धत) फारसं वापरात नव्हतं, नावं श्रीलिपी किंवा डीव्हीबी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील. बाहेर काढलीत की सभासदांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा चिवडा दिसेल. घाबरू नका, ते नाव तिथेच आहे. फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये बोलतो त्या क्रमाने. 'शिर्के' घ्या. जुन्या फॉन्टात आधी पहिली वेलांटी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये श, वेलांटी, अर्धा र, क, मात्रा. रूपांतराचे प्रोग्रॅम मिळतात, पण वेलांटी आणि रफार एकाच नावात आले की ते चुकतात. एका पतपेढीत रूपांतरानंतर दोन वेगळ्या सभासदांची नावं सारखीच दिसायला लागली होती, आणि ठेवीच्या पावत्या चुकीच्या घरी जायच्या बेतात होत्या. म्हणून यादी छापा आणि गावातल्या जुन्या क्लार्कला वाचायला बसवा. त्यांना प्रत्येक घर माहीत असतं, ते संगणकापेक्षा लवकर चूक पकडतात.

त्याच क्लार्ककडून हिशोबाचे नियम कागदावर लिहून घ्या. हे मी सगळ्यात आग्रहाने सांगतोय. चार डझनी पेटी आणि सहा डझनी पेटी यांचं भाडं कसं लावता, कॅनिंगला दिलेला आंबा किलोवर धरता तेव्हा दलाली कुठे कापता, डागी फळाची वजावट कोणाच्या खात्यावर, रुपया पुरा करताना पैसे वर नेता की खाली. हे नियम आज कुठेच लिहिलेले नाहीत, ते त्या बंद प्रोग्रॅममध्ये आणि एकदोन माणसांच्या डोक्यात आहेत. त्या पतपेढीत नवा प्रोग्रॅम जुन्याशी जुळेना. आठ दिवसांनी कळलं, जुना प्रोग्रॅम प्रत्येक महिन्याचं व्याज आधी पैशापर्यंत पुरं करून मग बेरीज करायचा, नवा आधी बेरीज करायचा. फरक काही पैशांचा, पण सभासदाच्या पुस्तकात तो दिसतो आणि मग संस्थेवरचा विश्वास हलतो.

नवा प्रोग्रॅम कशात लिहावा, यावर वाद घालत बसू नका. जावा चालेल, दुसरं काही चालेल. करारात मात्र तीन गोष्टी लिहून घ्या : मूळ लिखाण संस्थेच्या ताब्यात, माहिती कधीही साध्या मजकुरात बाहेर काढायचं बटण, आणि खाली कुठल्या कंपनीचं कोणतं इंजिन, त्याचा सपोर्ट कुठल्या तारखेपर्यंत. ती तारीख संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे सचिव बदलले तरी ती हरवणार नाही. आणि पुढचा एक अख्खा हंगाम, पहिल्या पेटीपासून कॅनिंगच्या शेवटच्या गाडीपर्यंत, दोन्ही प्रोग्रॅम शेजारीशेजारी चालवा. दर शनिवारी दोन्हीकडच्या पट्ट्या लावून बघा. सगळे शनिवार जुळले की जुनी डिस्क पिशवीत घालून, वर तारीख लिहून, संस्थेच्या तिजोरीत ठेवा.